मागून जळालेला तिसरा भाग

मी एका कादंबरी-मालिकेचा जुना तिसरा भाग आहे. मित्रांनो, तिसऱ्या भागाचं नशीब मोठं विचित्र असतं. थोरले दोघे भाऊ लाडात वाढतात, हातोहाती फिरून त्यांची पानं मऊ पडतात, आणि धाकट्याला जो भेटतो तो एकच विचारतो, 'शेवटी काय होतं?' विचारून थांबत असता तरी बरं. तो सरळ माझं शेवटचं पान उघडतो, वाचतो आणि मला मिटून ठेवतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. ओल्या शाईच्या वासात मी मोठ्या कागदावर उमटलो, घड्या पडल्या, शिलाई झाली, पाठीला डिंक लागला. माझ्या मुखपृष्ठावर उंच राखाडी भिंत आहे आणि भिंतीपाशी हात धरून उभी असलेली मुलगा-मुलगीची जोडी. आमच्या मालिकेचं नाव 'राखनगरी'. त्या नगरीत मुलं-मुली सोळा वर्षांची झाली की जुळणी मंडळ चिठ्ठ्या काढून जोड्या लावतं आणि जोडीच्या जोडी भट्टीवर कामाला धाडतं. भिंतीबाहेर जायची बंदी. झेलम नावाच्या मुलीचा जीव राख वाहणाऱ्या विहानवर जडतो आणि चिठ्ठीत नाव निघतं भलत्याचंच. असा सगळा मामला. मोठ्यांना वाटतं, मुलं आम्हाला प्रेमासाठी वाचतात. प्रेम हवंच असतं त्यांना, पण मी जवळून पाहिलंय, छळाची प्रकरणं ती दोनदा वाचतात.

पुस्तकांच्या एका खोक्यातून आम्ही तिघे भाऊ धारूरजवळच्या एका शाळेत आलो. थोरले दोघे कपाटात टिकलेच नाहीत. मी मात्र खिडकीचं दार आपटू नये म्हणून दाराशी लावून ठेवलेला असायचो. ऊन लागून माझी एक बाजू पिवळी पडली. अशात एक दिवस राजनंदिनी नावाची मुलगी शाळेत निकाल घ्यायला आली. दहावीला तिला चांगले गुण पडले होते. मॅडमनी विचारलं, "काय बक्षीस देऊ?" तिने खिडकीकडे बोट दाखवलं. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सन्मान!

राजनंदिनीची एक जिवाभावाची मैत्रीण होती, उज्ज्वला. तिचे वडील धुळाजी मेंढरं राखत. नववीनंतर उज्ज्वलाची शाळा सुटली आणि हातात काठी आली. पावसाळाभर त्यांची मेंढरं धारूरच्या किल्ल्याच्या अंगाच्या डोंगरावर चरायची. तिथेच एका दगडावर दोघी बसायच्या. राजनंदिनी मोठ्याने वाचायची आणि उज्ज्वला चिंच चोखत ऐकायची. एका बैठकीला एकच प्रकरण, असा त्यांचा नियम होता. गूळ चाटून चाटून खावा तसं त्यांनी मला पुरवून पुरवून वाचलं.

आणि काय त्यांची मजा! विहान बोलू लागला की उज्ज्वला मधेच ओरडायची, "थांब थांब, ते परत वाच!" भट्टीवरच्या मुकादमाने कोणाला चाबूक ओढला की दोघींच्या अंगावर काटा यायचा आणि त्या आणखी जवळ सरकून बसायच्या. चिठ्ठ्या काढायचं प्रकरण आलं तेव्हा तर उज्ज्वला पोट धरून हसली.

"असं कुठं असतंय व्हय गं? चिठ्ठी काढायची, जोडी लावायची, अन् दुसऱ्या दिशी कामाला हाकलायचं!"

"गोष्ट हाय ती," राजनंदिनी म्हणाली. "गोष्टीत काय बी असतंय."

उज्ज्वलाच्या घरात कौलावाचून पान हलत नसे. मेंढरं कोणत्या रानात न्यायची, सोयरीक करायची की नाही, सगळं देवाला विचारायचं. देवाच्या अंगाला सुपारी चिकटवायची, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तिला बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरायचा होता. धुळाजी धड हो म्हणत नव्हते, धड नाही म्हणत नव्हते. शेवटी एक दिवस तिने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राजे, माझा कौल ह्याच्यावर. झेलम भितीपल्याड गेली, तर मी फॉर्म भरणार. मग बापानं जीव घेतला तरी भरणार. न्हाई गेली, तर सोयरीक येईल तिथं गुमान जाणार."

"अन् मी आधीच शेवट बघितला तर?"

"कौल खोटा पडंल. शपथ घे."

राजनंदिनीने माझी शपथ घेतली. आयुष्यभर लोकांनी माझं शेवटचं पान आधी चोरून वाचलं. न वाचणाऱ्या या दोघीच मला भेटल्या. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं होतं.

आम्ही निम्म्यावर आलो आणि दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या भरू लागल्या. राजनंदिनीच्या नात्यातल्या सोमेश्वरला टोळीत जायचं होतं, पण एकट्याला मुकादम घेईना. नवरा-बायकोची जोडी पाहिजे होती. राजनंदिनीची आई सुरेखा चुलीपाशी डोळे पुसत होती आणि वडील त्रिंबक अंगणात चपला घालत म्हणत होते, "अकरावी काय पळून जाती व्हय? शाळा हाय तिथंच हाय." आठवडा उलटायच्या आत राजनंदिनीला हळद लागली. लगोलग ट्रॅक्टर दारात आला.

निघताना उज्ज्वला ट्रॅक्टरमागे पळत आली. "पुस्तक घेतलंस का?"

"घेतलंय."

"समदं वाच. माघारी आल्यावर मला सांग. मी तवर कुणाला हो म्हणत न्हाई!"

मी पेटीच्या तळाशी, नव्या साडीखाली होतो. दूरच्या साखर कारखान्याच्या मुलखात उसाच्या फडाजवळ पाचटाची एक कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहिली. तिथे सोमेश्वर, त्याची आई भिवराबाई आणि राजनंदिनी राहू लागले. दिवसभर राजनंदिनी तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. पाल्याने तिचे हात चिरले. पहाटे चूल पेटवल्यावर भाकरी थापता थापता ती मला मांडीवर उघडायची, पिठाच्या बोटांनी पान उलटायची. झेलमही तेव्हा भट्टीवर होती. एका पहाटे झेलमला वाचवायच्या नादात तव्यावरची भाकरी करपली.

भिवराबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला उचललं, उलटंपालटं केलं आणि मुखपृष्ठावरची जोडी पाहिली.

"कुठवर वाचलंस?"

राजनंदिनीने भीत भीत पान दाखवलं.

"मग शेवट कुठं असतोय?"

"मागं असतोय, आत्याबाई."

"आसं व्हय." भिवराबाईने माझ्या मागच्या अंगाचा एक जाड घास ओरबाडला आणि चुलीत घातला. कोपीभोवती वाळलेलं पाचट ढिगाने पडलं होतं. जाळाला काही तोटा नव्हता. "उरल्यालं रोज थोडं थोडं घेत जाईन," ती म्हणाली. "एकदम जाळलं तर एकदाच रडशील. सासरी कसं ऱ्हायाचं ते रोज ध्यानात ऱ्हायला पाहिजे."

मित्रांनो, जळणं म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. पण आपला शेवट आधी जळावा आणि आपण मात्र उरावं, यासारखं दुःख नाही. रोज पहाटे भिवराबाई मागून दोन पानं फाडी. रोज राजनंदिनी पुढून चार पानं वाची, त्याहून जास्त उसंत तिला कामातून मिळत नसे. सोमेश्वर समोर बसून चहा पीत असे. त्याने कधी आईला अडवलं नाही की बायकोला हटकलं नाही. एकदा तेवढं म्हणाला, "दे ना सोडून. पुस्तकच हाय."

शेवटी एक दिवस असा आला, की वाचायचं पान आणि जाळायचं पान एकच झालं. त्या पानावर झेलम भिंतीखाली पोचलेली होती. राजनंदिनी हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, आजचं एवढं पान ऱ्हाऊ द्या."

"वाच की. मोठ्यानं वाच. मी बी ऐकते."

ती वाचू लागली. विहानचा हात झेलमच्या हातात होता, मागून शिपाई येत होते, भिंतीला वर चढायला एकच दोरी होती. भिवराबाई ऐकता ऐकता गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली. पान संपलं.

"मग?" भिवराबाईने विचारलं. "गेली का पोरगी पल्याड?"

"फुडचं तुमीच जाळलंत."

भिवराबाई मोठ्याने हसली. हसत हसतच तिने तेही पान ओढून चुलीत सारलं. त्यानंतर मात्र तिने मला हात लावला नाही. वाचून झालेली पानं जाळण्यात तिला काही गोडी नव्हती.

उन्हाळ्यात टोळी माघारी आली. राजनंदिनी माहेरी पोचली त्याच दिवशी उज्ज्वला धावत आली. तिच्या काखेत कुणाची तरी मागून आणलेली दहावीची पुस्तकं होती आणि प्रत्येकाला तिने खाकी कव्हर घातलं होतं. तिची आई रतनबाई तिला बोलून बोलून थकली होती. युसूफ वडगाव या गावाहून चांगली सोयरीक आली होती, पण उज्ज्वलाने सगळ्यांना एकच सांगितलं होतं, राजी येऊ द्या.

त्याच दगडावर दोघी बसल्या. उज्ज्वलाने मला पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. "हे असं कावून झालं?"

"पावसात भिजलं. मागची पानं गळाली."

"पर तू वाचलंस ना?"

"वाचलं."

"मग सांग. गेली का झेलम?"

मी राजनंदिनीच्या मांडीवर होतो. मला वाटलं, आता ती खरं सांगेल. शेवट जळाला, मला माहीत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण तिची नजर त्या खाकी कव्हरांवर खिळली होती. चिरलेल्या बोटांनी तिने त्यातलं एक उघडलं, आत लिहिलेलं उज्ज्वलाचं नाव वाचलं आणि मिटलं. तिला हेवा वाटला, मित्रांनो.

"न्हाई गेली," ती म्हणाली. "भितीपस्तोर गेली अन् माघारी आली. चिठ्ठीत निघाला त्याच्यापाशीच ऱ्हायली."

"अन् विहान?"

"त्यो गेला एकलाच. दोरी वर वढून घेतली त्यानं."

उज्ज्वला बराच वेळ मेंढरांकडे बघत राहिली. मग पदराने नाक पुसून उठली. कौल एकदाच लावायचा असतो. संध्याकाळी धुळाजींनी युसूफ वडगावला होकार कळवला.

हळदीच्या दिवशी पहिली हळद राजनंदिनीनेच लावली. लावता लावता तिचा हात थांबला. "उज्जे, त्या पुस्तकाचं..." ती म्हणाली.

उज्ज्वलाने पिवळ्या हाताने तिचा हात दाबला. "बरं झालं बाई तू सांगितलंस. न्हाई तर मी येड्यावानी फॉर्म भरून बसले असते."

राजनंदिनीने पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि उरलेली हळद लावली. दिवाळीनंतर ती पुन्हा ट्रॅक्टरवर चढली, आणि मला तिने बापाच्या घरी फडताळात टाकलं. तिथे उंदीर आता पुढूनही मला खाऊ लागले आहेत.

मित्रांनो, मला कव्हर घाला, जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. ते दिवस गेले. पण तुमच्यापैकी कोणाचं युसूफ वडगावला जाणं झालं, तर धुळाजींची उज्ज्वला कुठे दिली ते विचारा. ती भाकरी करत असेल किंवा शेळ्या पाजत असेल. तिला बाजूला बोलावून तिसऱ्या भागाचा निरोप सांगा. जळालेली पानं मला तोंडपाठ आहेत. विहानने दोरी ओढून घेतली नव्हती. त्याने ती खाली धरली होती आणि झेलम भिंतीपलीकडे गेली होती.