जुन्या चिपवरची पत्रिका

"अहो, आली ती! झाका ना पटकन!" मी ओरडले.

हे स्वयंपाकघरातून धावत आले आणि त्यांनी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चादर टाकली. आतला पंखा घरघरतच होता. आता बंद करायला वेळ कुठला? टेबलावर सईनं दिलेला नवा लॅपटॉप उघडून ठेवला आणि मी दार उघडायला गेले.

पोरीसाठी हे सगळं सोंग. सई बंगळूरला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. चिप म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. घरोघरचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं दुसऱ्याच एका जुन्या कंपनीच्या चिपवर चालत आलेत, आणि तिची ती गादी हिसकावायची म्हणून सईची कंपनी जिवाचं रान करतेय. सईच्या कंपनीची नवी चिप बाजारात आली तेव्हा पोरीनं पहिला लॅपटॉप मला पाठवला. "आई, यात माझं काम आहे," म्हणाली. मी तर रडलेच.

पण मी करते लग्नपत्रिका. मुलुंडच्या या घरात बसून, साकीनाक्याच्या एका छापखान्यासाठी. माझं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर जुनं. बोटाएवढी एक किल्ली कॉम्प्युटरला खोचल्याशिवाय ते उघडत नाही, आणि नवी चिप त्या किल्लीला ओळखच दाखवत नाही. जुनी पत्रिका उघडावी तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ! मग काय, आपला जुना डबाच बरा. पण हे पोरीला सांगायचं कोणत्या तोंडानं?

सई आली, पाणी प्यायली, आणि रिकामा पेला हातात फिरवत बसली. एरवी चपला काढायच्या आधी तोंड सुरू होतं हिचं.

"लॅपटॉप बरा चालतोय ना गं?" तिनं विचारलं.

"झकास!"

"मग ही घरघर कसली?"

"फ्रीज," मी म्हटलं. त्याच वेळी आतून हे म्हणाले, "मिक्सर!"

लागली वाट. सईनं सरळ चादर ओढली. समोर परबांच्या धाकट्याच्या लग्नाची अर्धवट पत्रिका, आणि डब्यावर त्या जुन्या कंपनीचा स्टिकर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझ्या चिपचा दोष नाही गं राणी, माझं सॉफ्टवेअरच म्हातारं..."

सई खो खो हसत सुटली. "म्हणजे आई, तूपण त्यांच्याच बाजूची?"

"तूपण म्हणजे? अजून कोण?"

तिचं हसू थांबलं. कान लाल झाले.

"प्रांजल," ती म्हणाली. "तो त्या कंपनीत आहे. आम्हाला लग्न करायचंय. तेच सांगायला आले. ऑफिसात कळलं तर मला फितूर म्हणतील, आणि तुम्ही काय म्हणाल ते कळेना."

हे पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आले. "म्हणजे दिवसभर एकमेकांच्या कंपनीची वाट लावायची आणि संध्याकाळी गप्पा मारायच्या?"

"कामाचं एक अक्षर बोलत नाही आम्ही, बाबा. जेवायला काय करायचं यावरच भांडतो."

"मग टिकेल," मी म्हटलं. इतकं बरं वाटलं मला!

"चि. प्रांजल," हे पुटपुटले. "चि. प... अरे, ही तर चिपच झाली!"

"बाबा, प्लीज!" सई म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. "आई, माझी पत्रिका यावरच कर हं. दाखव ना कशी दिसेल."

परबांची पत्रिका बाजूला सारून मी कोरं पान घेतलं. बोटांनी सवयीनं लिहिलं, 'आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. सई.'

"ज्येष्ठ काय गं? मी एकटीच तर आहे."

खरंच की. मी 'ज्येष्ठ' पुसलं आणि त्या जागी 'एकुलती एक' लिहिलं. पुढची अक्षरं मला दिसेनात.

"या मेल्या डब्याचा स्क्रीन गेला वाटतं," मी म्हटलं.

"स्क्रीन नाही गेला, आई," सई म्हणाली. तिनं माझा चष्मा काढला आणि ओढणीनं पुसून पुन्हा माझ्या डोळ्यांवर लावला.