मोठ्या बाई उठल्याशिवाय

शिवणखात्यात मोठ्या बाई उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, अशी रीत होती. पूर्वी एकटीदुकटी उठली की मुकादम तिला धारेवर धरायचा. सगळ्याच उठल्या तर तो कुणाकुणाला बोलणार? तेव्हापासून बाईंनी कात्री डब्यात टाकली की मशिनी थांबायच्या आणि सगळ्याजणी ओळीने निघायच्या. या रीतीने साऱ्यांना आजवर सांभाळून घेतलं होतं.

त्या दिवशी बाई सर्दीने बेजार होत्या. नाक पार चोंदलंय, कसलाच वास कळत नाही, असं आल्या आल्या म्हणाल्या. बरंच झालं, आज स्वतःच्या हातची भाजी तरी गोड लागेल, असं काजेवालीने म्हणताच खातं हसलं होतं.

दुपारी जळकट वास आला. बाहेरच्या दाराजवळच्या मशिनीवर बसणाऱ्या काकूने मान वर केली. शेजारी काजेवालीनेही केली. दोघींनी बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे कॉलर जोडत होत्या. त्यांचं नाक बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी जी ती त्यांच्याकडेच बघून पुन्हा मान खाली घालत होती. बाईंनीही एकदा खात्यावरून नजर फिरवली. सगळ्या निवांत दिसल्या. काही असतं तर कुणी बोललं नसतं का?

काकूची पुतणी शेवटच्या ओळीत, कापडाच्या कोठीला लागून बसायची. तिला सातवा महिना होता. तिकडची हवा आता धुरकट झाली होती.

"वास येतोय ना गं?" काकूने हळूच विचारलं.

"येतोय खरा," काजेवाली म्हणाली. "पण बाई बसल्यात."

"त्यांचं नाक बंद आहे."

"बाकीच्यांचं उघडं आहे की. त्याही बसल्यातच ना?"

काकूने मनात देवाचं नाव घेतलं आणि ती उठली. एकेक मशीन थांबत गेली. बाहेरचं दार तिच्या हाताशी होतं, पण पुतणीला सोडून ती कुठे जाणार? मशिनींमधल्या चिंचोळ्या वाटेने ती मागे, धुराकडे निघाली.

पुतणी खोकत होती. तरी तिने विचारलं, "काकू, बाई उठल्या?"

काकूने तिला काखेत हात घालून उभं केलं आणि ती परत वळली.

वाट भरून गेली होती. सगळं खातं उठून, ओळीने, तिच्या मागोमाग आलं होतं. सर्वांत शेवटी मोठ्या बाई होत्या, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून. त्यांच्यामागे, पार लांब, बाहेरचं दार. तिथे कुणीच नव्हतं.

काकूच्या पाठीशी कोठीचं दार तडकलं.

"मागे फिरा," ती म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. आणि जी ती आपल्या पुढचीकडे बघत राहिली, ती फिरते का ते.