जतन केलेला अर्ज

बायको गेल्यावर तीन महिन्यांनी मी वाचनालयातल्या म्हाताऱ्यांच्या कॉम्प्युटर वर्गात जाऊन बसलो. तिच्या तपासणीचा अर्ज मी घरूनच नेटवर भरला होता. दवाखाना म्हणत होता, अर्ज आलाच नाही. मुलीने अर्ज हरवल्याची तक्रार केली आणि दवाखान्याने खिडकीवरच्या कारकून बाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. आता चौकशीत मला भरलेला अर्ज छापून दाखवायचा होता.

शेजारी निवृत्त पोस्टमन बसायचे. मी बटण दाबायला बोट उगारलं की म्हणायचे, "अहो, डास नाही मारायचाय!"

शिकवणाऱ्या बाईंनी मला माझं खातं उघडून दिलं. पाठवलेल्या अर्जांची यादी रिकामी होती.

"असं कसं? मी बटण दाबलं होतं. हिरवी खूणसुद्धा आली."

"कुठलं बटण, काका?"

मी दाखवलं.

"हे 'जतन करा'. याने अर्ज तुमच्यापाशीच राहतो. पाठवायचं बटण खाली आहे, पान सरकवावं लागतं."

त्यांनी दुसरी यादी उघडली. अर्ज तिथे होता. वय, पोटात दुखतं, वजन उतरतंय. भरताना बायको मागे उभी राहून सांगत होती आणि मी एकेक अक्षर शोधत होतो. दोन तास लागले होते. मग सात आठवडे आम्ही बोलावण्याची वाट पाहिली. ती म्हणायची, चला, जाऊन विचारून येऊ. मी म्हणायचो, दम धर, नंबर लागेल.

पोस्टमन वाकून बघत हसले. "म्हणजे पत्र लिहिलं आणि खिशातच ठेवलं की!"

त्यांना काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी छापलेला कागद मुलीला दिला. तिने उभ्यानेच वाचला.

"बाबा, हे दवाखान्यात कळलंय?"

"अजून नाही."

"मग फाडून टाका."

"अगं, त्या बाईंची नोकरी जाईल."

"आणि माझी आई गेली त्याचं काय?"

मी कागद तिच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी चौकशीत तो टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं, "अर्ज कुणी भरला होता?"

"मी. पाठवायचा राहिला."

समोर बसलेल्या कारकून बाईंनी चष्मा काढला आणि त्या रडायला लागल्या. मुलगी खुर्ची सरकवून उठली. सही करून मी बाहेर आलो, तर ती निघून गेली होती.