वळणावरचा बसवंत

मन्मथचा आजोबा अखेर देव झाला. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. मन्मथही तसंच धरून चालतो.

मन्मथ निलंग्याकडच्या एका रस्त्यावर मैलकुली आहे. म्हणजे खड्डे बुजवायचे, किलोमीटरच्या दगडांना रंग द्यायचा आणि साहेबांची गाडी दिसली की घाईत असल्यासारखं वाकायचं. त्याच रस्त्याकडेला लिंबाखाली गुडघ्याएवढा एक दगड होता. निजामाची रझाकारी संपल्यावर गावानं तो रोवला होता. त्यावर कोरलेलं : 'येथे बसवंत पडला. भाकरी पोचली होती.'

बसवंत हा मन्मथचा आजोबा. त्यानं बंदूक कधी धरली नाही. निजामाशी लढणाऱ्या, रानात लपलेल्या पोरांना भाकरी पोचवायचा. एकदा परतताना रझाकारांनी त्याला या लिंबाखाली गाठलं. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाचा झेंडा तहसीलीत चढायचा तेव्हा, मन्मथ इथे दगड धुऊन, अक्षरांवर बोट फिरवत, ती दोन वाक्यं मोठ्यानं वाचायचा. म्हशी धरल्या तर उपस्थिती बरी असायची.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. इंजिनिअरसाहेब भला माणूस. त्यांनी हळहळून सांगितलं, की दगड हलवावा लागेल; तो स्मारकांच्या यादीत नाही, आणि यादीत नसलेला माणूस इथे मेला असं शासनाला म्हणता येत नाही.

मन्मथला जेवण जाईना. त्याची बायको गुरम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, "मान्साचा दगड उचलतेत. देवाला हात लावून दावा म्हनावं."

सकाळी जेसीबी आला तेव्हा दगड शेंदरानं लालभडक झाला होता, वर चांदीचे डोळे. जेसीबीवाला सत्यम खाली उतरला, चप्पल काढली, पाया पडला आणि नारळ आणायला गेला. नकाशात सरळ असलेला सरकारी रस्ता बसवंतला वळसा घालून गेला. रस्त्याचं काम चाललं तेवढे दिवस मन्मथ साहेबांसमोरही वाकला नाही.

पण देव कामाला लागला. त्याचं नाव पडलं वळणोबा. लातूरच्या क्लासची पोरं 'नीट' परीक्षेच्या आधी नवस बोलायला येऊ लागली. एक पोरगी डॉक्टरकीला लागली. ज्यांचं हुकलं ते सांगायला आले नाहीत. पत्र्याची शेड झाली. शेंदरावर शेंदूर चढत गेला.

यंदाच्या सतरा सप्टेंबरला मन्मथनं दगडावर बोट फिरवलं, तर एकही अक्षर बोटाला लागेना. त्यानं खुरपं काढलं. शेडमध्ये हार विकणाऱ्या सरजाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"देवाचं कातडं सोलायलास का रं?"

"मावशी, माझा आजा हाय त्यो."

"हाव," ती म्हणाली, "समद्यांचाच हाय." आणि तिनं त्याच्या तळहातावर पेढा ठेवला.

मन्मथनं खुरपं पिशवीत ठेवलं. हा दगड माणसाचा आहे हे पटवून दिलं, तर उद्या जेसीबी येणार. त्यानं डोळे मिटून ती दोन वाक्यं पाठ म्हटली. मागे दर्शनाला थांबलेल्या बायकांनी हात जोडले आणि त्या त्याच्यापाठोपाठ पुटपुटल्या, भाकरी पोचली होती, भाकरी पोचली होती.

त्यानं डब्यातली भाकरी पेढ्यांशेजारी ठेवली. दुपारी बांधकाम खात्याच्या कचेरीत अर्ज दिला :

'तरी सदर वळणावरील देवास, जागेवरून न हलवता, पुन्हा माणूस करण्यात यावे, ही नम्र विनंती.'