साहेबांचे रस्ते मी दाबले

मी रोडरोलर बोलतोय. आवाज घोगरा लागेल, समजून घ्या. सगळं आयुष्य खडी चावण्यात गेलं, गोड गळा आणू कुठून?

कारखान्यातून नगरपालिकेत आलो तेव्हा मी पिवळाधमक होतो. मला चालवणारा ड्रायव्हर बोलायला कमी, कामाला वाघ. खडी टाकणाऱ्या बाया त्याला दादा म्हणत, म्हणून माझाही तो दादाच. थर पसरला की तो आधी खाली उतरून चपलेच्या टोकानं टोकरून बघायचा. म्हणायचा, "मुकादमाला फसवता येतं, चाकाला नाही."

साहेब तेव्हा साहेब नव्हते. पहिल्यांदाच निवडून आलेला, काटकुळा, चपला हातात घेऊन चिखल तुडवणारा माणूस. ओढ्यापलीकडच्या वस्तीला रस्ता नव्हता. त्यानं कचेरीच्या पायऱ्या झिजवून तो मंजूर करून आणला. खोटं कशाला बोलू, तो रस्ता अस्सल झाला. हा माणूस दिवसभर उन्हात उभा राहायचा, खडीत माती दिसली की गाडी परत पाठवायचा. वस्तीतली तरुण नर्सबाई त्या रस्त्यावरून सायकलवर दवाखान्यात गेली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, माणूस कामाचा आहे.

मग एका फोटोग्राफरनं त्याला माझ्यावर बसवलं आणि स्टिअरिंग धरायला लावलं. दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात! तिथे गाडी घसरली. त्याला रस्त्यापेक्षा रोलर आवडायला लागला.

पुढे ते नगराध्यक्ष झाले, आमदार झाले, मंत्री झाले. माझ्या सीटवर आधी उडी मारून चढायचे, मग कुणाचा तरी हात धरून, मग स्टूल लागायला लागलं. साहेब जाड होत गेले आणि रस्ते पातळ. त्यांना 'सडकसम्राट' ही पदवी मिळाली. ती त्यांनीच छापून आणली आणि त्यांनीच लाजत लाजत स्वीकारली.

कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांच्या मनात आलं, वस्तीचा तो पहिला रस्ता पुन्हा काळाभोर दिसला पाहिजे. चांगला धडधाकट रस्ता खरवडून काढला. त्यात दोन दिवस पाऊस लागून राहिला.

दादा माझ्यावरून उतरून त्यांच्यापुढे उभा राहिला. "साहेब, खाली ओल आहे. ओल्यावर डांबर धरत नाही. दोन दिवस थांबू."

"उद्या मुख्यमंत्री येताहेत. त्यांना सांगू का थांबायला?"

"आठवडाभरसुद्धा टिकणार नाही हा रस्ता."

साहेब हसले. "अरे, मला तो टिकवायचा नाही, दाखवायचाय."

दादानं माझी किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "मग तुम्हीच चालवा. इतकी वर्षं फोटोत चालवताच आहात."

साहेबांना मला सुरूसुद्धा करता आलं नाही. दादाची त्याच दिवशी कचरा डेपोवर बदली झाली. दुसरा ड्रायव्हर आला, त्यानं किल्ली फिरवली आणि मी मुकाट फिरलो. चाकाखाली थर लिबलिबत होता, मला कळत होतं, तरी फिरलो. दुसऱ्यांना नावं ठेवतोय खरा, पण ही लाज माझीही आहे.

पाचव्या दिवशी डांबराचे पापुद्रे सुटले. आता उतारवयाला लागलेल्या नर्सबाईंची स्कूटर त्यावरून घसरली आणि मनगट मोडलं.

त्याच महिन्यात साहेबांचा सत्कार होता. मला नवा रंग देऊन स्टेजच्या बाजूला उभं केलं होतं. "साहेबांनी वस्तीला रस्ता दिला!" असं वक्ता ओरडत असताना नर्सबाई पुढे आल्या. एक हात गळ्यात, मागे दादा, त्याच्या खांद्यावर गोणपाट. दादानं ते स्टेजवर उलगडलं. आत रस्ताच होता, चटईसारखा सोलून काढलेला.

"साहेब, तुमचा रस्ता परत आणलाय," नर्सबाई म्हणाल्या. "माझं प्लास्टर याच्यापेक्षा जाड आहे. हवं तर लावून बघा."

लोक खो खो हसले. साहेब म्हणाले, "बाई, गाडी जरा सांभाळून चालवावी."

"याच रस्त्यासाठी एक माणूस दिवसभर उन्हात उभा राहायचा. तो कुठे गेला, तेवढं विचारायला आले होते."

साहेबांनी बँडवाल्यांना खूण केली. बँड इतक्या जोरात वाजला की माझे पत्रे थरथरले.

पुढच्या निवडणुकीत ते पडले असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण नाही, ते निवडून आले. वस्तीत मात्र त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं पडली, म्हणून वस्तीची बससुद्धा बंद केली. दादा डेपोवरूनच निवृत्त झाला. नर्सबाईंचं मनगट वाकडं जुळलं.

आणि माझं स्मारक झालं. चौकातल्या उंच चौथऱ्यावर मला चढवलंय. पाटीवर साहेबांचं नाव हातभर, माझं कुठेच नाही. चौथरा त्यांच्या मेव्हण्यानं बांधला. वर्षाच्या आत त्याला तडा गेला. तो तडा रोज केसभर रुंदावतो, खालच्या सिमेंटची भुकटी होतेय. जन्मभर जमिनीचा अंदाज घेत आलोय, एवढं मला कळतं.

खाली माझ्या सावलीत बाकं टाकली आहेत. दुपारी म्हातारी माणसं येऊन टेकतात, शाळा सुटली की आया लेकरांना घेऊन बसतात. माझं वजन दहा टन आहे. मला उतरवा, भंगारात घाला, वितळवा, माझी काही तक्रार नाही. पण ते सगळं सावकाश करा. ती बाकं तेवढी आजच्या आज हलवा.