अर्धी दाढी

मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, सलूनमधली. मित्रांनो, घरच्या खुर्चीला बसणाऱ्याची पाठ तेवढी कळते. मला पाठही कळते आणि समोरच्या आरशात तोंडही दिसते, त्यामुळे माझ्यापासून फारसे काही लपत नाही. पण आज जे सांगणार आहे, ते सांगताना आरसा झाकून घ्यावा असे मला वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाया ओतीव लोखंडाचा, हात नळीचे, बैठक लाल रेक्झिनची. खालचा दांडा पायाने दाबला की मी वर चढते आणि सोडला की सुस्कारा टाकत खाली येते. दुकानात आले त्या दिवशी मालकांनी मला गरकन फिरवून पाहिले आणि म्हणाले, "वा! राजाला बसवावं अशी आहे." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली.

मालकांचा हात फार हलका. वस्तरा गालावरून फिरू लागला की गिऱ्हाइके डोळे मिटत आणि काही तर चक्क घोरत. समोरच्या दुकानातले घड्याळवाले काका म्हणत, "याच्याकडे दाढी केली की घरचं भांडण विसरायला होतं." मालकांची बायको मुलगी लहान असतानाच वारली होती. शाळा सुटली की मुलगी दुकानात येई, बाकावर बसून अभ्यास करी आणि गिऱ्हाईक नसले की माझ्यावर बसून गरगर फिरे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मालक कामातून मध्येच उठून जाऊ लागले.

गालावर फेस, एक बाजू झालेली, दुसरी व्हायची, आणि अचानक मालकांची बोटे माझी पाठ घट्ट आवळत. कपाळावर घाम येई. "आलोच हं, पाणी गरम करून आणतो," असे पुटपुटून ते मागच्या दाराने पळत. मागे संडास होता. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन माझ्यावर ताटकळत बसे. मालक परतत तेव्हा चेहरा पांढराफटक पडलेला असे, हात थरथरत असे आणि अंगाला दाढीनंतर लावायच्या लोशनचा भपकारा येई. ते लोशन ओंजळीत घेऊन कपड्यांना चोळत. त्यांना दुसरा वास झाकायचा होता.

खरे काय ते मला ठाऊक होते, कारण डॉक्टरांचा फोन त्यांनी एकदा माझ्यावर बसूनच घेतला होता. त्यांच्या मोठ्या आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. कळा येत, रक्त पडे आणि जायची वेळ आली की क्षणभरही दम निघत नसे. अल्सरेटिव्ह कोलायटिस असे त्या आजाराचे नाव. "हा कुणाला लागत नाही आणि यात तुमची काही चूकही नाही," डॉक्टर सांगत होते, "पण औषध चुकवू नका. आणि घरात सांगा." मालकांनी औषध पावडरच्या डब्यात लपवले. घरात काही सांगितले नाही.

लोकांनी आपापला अर्थ लावला. घड्याळवाले काका एकदा हवा हुंगून शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "मागं बाटली ठेवलीय वाटतं. हात बघितलास का कसा थरथरतोय?" राईचा पर्वत व्हायला कितीसा वेळ लागतो! मालकांनी हे सगळे ऐकले होते. मला वाटले, आता बोलतील. त्यांनी मान खाली घातली आणि वस्तरा पुसत राहिले.

गिऱ्हाइके तुटली. थरथरत्या हाताखाली गळा कोण देणार? माझ्यावर धूळ बसू लागली. शाळेत मुलीला "दारुड्याची पोर" म्हणून चिडवू लागले, तेव्हा तिचेही दुकानात येणे थांबले. शेवटी तिने रडत रडत आत्याला फोन केला.

आत्या म्हणजे मालकांची मोठी बहीण, त्यांची ताई. ती आली त्या दुपारी मालकांना सकाळपासून कळा येत होत्या. टेकावे म्हणून ते क्षणभर माझ्यावर बसले, आणि उठायच्या आतच जे व्हायला नको ते झाले. त्याच वेळी दार उघडून ताई आत आली. तिच्या मागून घड्याळवाले काका डोकावत होते.

"बाळ्या, ऊठ," ताई म्हणाली.

मालक हलले नाहीत.

"ऊठ म्हणते ना! इथून दारापर्यंत सरळ चालून दाखव. नाही जमलं तर पोरीला आजच घेऊन जाते मी. तिचे कपडे बांधून आलेय."

"ताई, उद्या ये. पाया पडतो तुझ्या."

"बघा, उठताही येईना," काका दारातून म्हणाले.

मालकांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. उठावे तर अब्रू जाते, बसावे तर पोर जाते. शेवटी ते अगदी हळू म्हणाले, "ताई, आधी दार लाव."

तिने काकांच्या तोंडावर दार लावले. मालक उठून उभे राहिले.

मी लाल रेक्झिनची, तरी माझ्यावरचे रक्त लपले नाही. राजाला बसवावे अशी मी, मला वाटले जमिनीने आत्ताच पोटात घ्यावे. पण माझी लाज ती काय! मालकांनी टॉवेलमध्ये तोंड खुपसले होते.

"कधीपासून?" ताईने विचारले.

"दोन वर्षं होतील."

"आणि दारू?"

"थेंबसुद्धा नाही. लोशनचा वास आहे तो."

"मेल्या, मग लोक दारुडा म्हणत होते तर गप्प का बसलास?"

"दारुड्याला लोक शिव्या देतात, ताई," मालक टॉवेलमधूनच बोलले. "मला बघून नाक धरलं असतं. पोरीला हसले असते."

ताईने बाह्या वर सारल्या आणि मागून बादली भरून आणली. "सरक. आई कामाला जायची तेव्हा तुझी दुपटी मीच धुवायचे. माझ्यापुढं कसली आलीय लाज?" असे म्हणून ती मला शिवणीशिवणीतून घासू लागली. "पोरीला मात्र तूच सांगायचंस."

मालकांनी मुलीला दुकानातच सांगितले, अडखळत, जमिनीकडे बघत. तिने एकच विचारले, "बाबा, खूप दुखतं का हो?"

पुढच्या आठवड्यात घड्याळवाले काका आले. दुसरीकडे दाढी करून गाल सोलून घेतला होता, तेव्हा अडला हरी झाला होता. एक बाजू झाली आणि मालकांची बोटे माझ्या पाठीत रुतली. "पाणी गरम…" एवढे तोंडातून निघाले, आणि ते थांबले. कान लाल झाले.

"काका, मला आतड्याचा आजार आहे. जखमा आहेत आत. मध्येच संडासला पळावं लागतं. मागं बाटलीबिटली काही नाही. थांबाल का?"

"जा बाबा, जा," काका कसेबसे म्हणाले. "माझा गाल कुठं पळून जातोय?"

मालक गेले. आरशात काका एकटेच उरले. त्यांना आरशाकडे बघवेना. फेस गालावर वाळून पांढरा झाला, टॉवेल हाताशी होता, पण त्यांनी गाल पुसला नाही. मालक परत आले, तेव्हा काकांनी हनुवटी वर करून गळा पुढे केला.

मित्रांनो, मालक पुरते बरे झालेले नाहीत. औषधाने काही महिने चांगले जातात, मग पुन्हा काही दिवस मागच्या दाराकडे पळापळ होते. लाजही पुरती गेलेली नाही. नव्या गिऱ्हाइकाला सांगताना ते अजून माझ्याकडेच बघून बोलतात. तुमच्या वर्गात कोणी सारखे बाहेर जायला मागत असेल, तर हसू नका. तुमच्याच पोटात काही बिघडले असेल, रक्त दिसले असेल, तर माझ्या मालकांसारखे डब्यात लपवू नका. आणि कोणी जागचा हलत नसेल, तर "ऊठ" म्हणून दरडावण्याआधी दार लावून घ्या, आणि का बसला आहेस एवढे हळूच विचारा.