रक्तदाबाची नवी गोळी

बाई अकरा वर्षं तलावावर मुलांना पोहायला शिकवत होत्या. कोपरावर सोरायसिसचे दोन जुने चट्टे होते, पण त्यांचा कुणाला काही त्रास नव्हता. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आणि सहा आठवड्यांत पाठ, पोट, मांड्या लालभडक खपल्यांनी भरून गेल्या. पालक कुजबुजू लागले. व्यवस्थापकाने त्यांना पाण्यात उतरायला बंदी केली.

"नसती काळजी करत बसतेस," नवरा म्हणाला.

"साबण बदलून बघ," जाऊबाई म्हणाल्या.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी औषधं विचारली. "काही जणांचा सोरायसिस या गोळीने उसळतो. पण ती एकदम बंद करू नका, हृदयाला धोका असतो. ज्यांनी दिली त्यांच्याकडून बदलून घ्या."

बाई तडक पहिल्या डॉक्टरांकडे गेल्या. "गोळी लिहिताना मी तुम्हाला कोपर दाखवलं होतं. तुम्ही मानसुद्धा वर केली नाहीत!"

"अहो, सगळ्यांनाच असं होत नाही."

"मला झालं ना! नुसतं सांगितलं असतंत, तर पहिल्या चट्ट्यालाच धावत आले असते. लोकांनी मला घाणेरडी ठरवलं." त्यांनी बाही खांद्यापर्यंत सरकवली. "आता तरी बघा."

डॉक्टरांनी पाहिलं. मग खाली मान घालून जुनी गोळी हळूहळू कमी करायचं वेळापत्रक आणि दुसरी गोळी लिहून दिली.

त्वचा निवळायला चार महिने लागले. पुढच्या तपासणीला त्या दुसऱ्याच दवाखान्यात गेल्या.